फादरांच्या अंगठ्याचं दफन

आमच्या गावाकडे माणूस गेला की दुसऱ्या दिवशी पुरतो. फादरांच्या उजव्या पायाचा नुसता अंगठा पुरायला आमच्या चर्चच्या कमिटीला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत फादर स्वतः चांगले जिवंत होते.

मी शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या मिशनच्या दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होते. आता निवृत्त आहे, म्हणजे हजेरीच्या वहीत सही करत नाही, बाकी सगळं करते. चर्च आणि दवाखाना एकाच आवारात, त्यामुळे फादरांच्या पायाची जखम रोज सकाळी साफ करून बांधायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. फादर पंचाहत्तरीचे, मूळचे वसईकडचे. त्यांना तीस वर्षं मधुमेह. आपलं शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे, त्याची हेळसांड हे पाप आहे, असं ते व्यासपीठावरून इतक्या गोड आवाजात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसानं आयुष्यात जिलबी पाहिलेली नाही. मिस्सेची उपासना संपल्यावर ते घरी येऊन त्याच मंदिरात वाटीभर श्रीखंड ठेवत. मी बोलले की म्हणत, "बाई, मंदिर म्हटलं की नैवेद्य आलाच."

ईस्टरच्या दिवसांत त्यांचा आवडता विषय एकच, शरीराचं पुनरुत्थान. आपला धर्म भुताखेतांचा नाही, असं ते सांगत. देवानं मातीतून माणूस केला, मग स्वतः माणसाचं शरीर घेतलं, त्याला भूक लागली, घाम आला, तो दमून होडीत झोपला. मरणातून उठल्यावरही त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते आणि त्यानं मासा खाल्ला. म्हणून शेवटच्या दिवशी आपणही उठू ते याच शरीरासकट. ही आनंदाची बातमी होती. पण समोर बाकावर बसलेल्यांत निम्म्या बाया आदल्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात वाकून आलेल्या असत. माझी शेजारीण दरवर्षी माझ्या कानाशी येऊन विचारायची, हेच गुडघे परत मिळणार का. मी सांगायचे, चांगले करून मिळतील. ती म्हणायची, मग ते फादर आधी का नाय सांगत.

तर त्या वर्षी ईस्टर होऊन पंधरा दिवस झाले असतील. फादरांचा पाय पाप-कबुलीच्या खोलीच्या पायरीला ठेचकाळला. मधुमेहानं पायाची जाणीव गेलेली, त्यामुळे त्यांना कळलंच नाही. मला कळलं ते मोज्यातल्या रक्तावरून. आठवड्यात अंगठा निळा झाला, मग काळा. आम्ही त्यांना कल्याणला एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. गाडी कमिटीच्या अध्यक्षांची होती. अध्यक्ष बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आसनगावला स्टेशनजवळच्या नव्या सोसायटीत राहतात. माणूस वाईट नाही. फक्त कुठलीही गोष्ट ठरावाशिवाय घडली तर ती घडली असं त्यांना वाटत नाही.

ऑपरेशन झालं, अंगठा काढला. तिथल्या नर्सनं नेहमीप्रमाणे कागद पुढे केला, की काढलेला भाग हॉस्पिटलच्या पद्धतीनं नष्ट करायला आमची हरकत नाही. मी पेन उघडलं. अध्यक्षांनी माझा हात धरला. म्हणाले, आपल्या धर्मात शरीराला मान आहे, एका धर्मगुरूच्या अवयवाला पिवळ्या पिशवीत घालून कचऱ्याच्या गाडीत देणं आपल्याला शोभत नाही. नर्सनं माझ्याकडे बघितलं. मी तिला डोळ्यांनीच सांगितलं, देऊन टाक, नाहीतर संध्याकाळपर्यंत इथेच बसतील. तिनं औषधाच्या पाण्यात अंगठा घालून झाकणाची बरणी दिली.

चार दिवसांनी फादरांना घरी सोडलं, तेव्हा बरणीही आमच्याबरोबर निघाली. अध्यक्ष ती डिकीत ठेवू देईनात, कारण तिथे स्टेपनी होती. म्हणून कल्याणपासून घरापर्यंत ती माझ्या मांडीवर होती. फादर मागच्या सीटवर पाय लांब करून पडले होते. वाटेत त्यांनी डोळे उघडून विचारलं, "मी मागे आहे आणि तो पुढे बसलाय का?" आणि एकटेच बराच वेळ हसत राहिले.

बरणी फादरांच्या घरच्या फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात ठेवली. त्या घरात स्वयंपाकाला एक बाई आहे, जवळच्या पाड्यावरची, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिच्या घरचे तिच्या आईच्या वेळेपासून ख्रिस्ती. तिच्या डाव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही. उरलेल्या तीन बोटांनी ती अशी भाकरी थापते की पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही. मला वाटलं, बरणी बघून ती फ्रिजला हात लावायची नाही. तिनं बरणी उचलून नीट बघितली, दह्याच्या भांड्यापासून लांब सरकवली आणि दार लावलं. मग पुन्हा पिठात हात घालून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, माझी बोटं तुमी कुठं ठेवली?"

मी म्हणाले, किती वर्षं झाली त्याला, आठवत नाही आता.

मला स्वच्छ आठवत होतं. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आमच्या भागातलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. पावसाळा सरला की वखारींमध्ये गवत यंत्राखाली दाबून त्याच्या गाठी बांधत. ती नवी लग्न झालेली, नवऱ्याबरोबर तिथं कामाला होती. यंत्राची फळी खाली आली तेव्हा तिचा हात आत होता. तिला गवताच्याच टेम्पोतून आणलं. वखारीचा माणूस दाराशी उभा राहून विचारत होता, कामावर कधी येईल. डॉक्टरांनी दोन्ही बोटं मुळापासून काढली. मी ती ट्रेमधून नेली आणि दवाखान्यामागच्या खड्ड्यात टाकली. कापूस, सुया, रिकाम्या कुप्या, सगळं तिथंच जायचं, आठवड्यातून एकदा त्यावर रॉकेल ओतून जाळायचं. तेव्हाही फादर ईस्टरला शरीराच्या पुनरुत्थानावर बोलत होते. तेव्हाही मी पहिल्या बाकावर बसून मान डोलवत होते.

इकडे कमिटी बसली. आम्ही सात जण, त्यातले बोलतात दोन: अध्यक्ष आणि शाळेतले एक मास्तर. अध्यक्षांचं म्हणणं, रीतसर दफनविधी व्हावा. मास्तरांनी विचारलं, विधीतल्या प्रार्थना मेलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी असतात, इथे माणूस शेजारच्या घरात पेज पितोय, त्याचं काय. अध्यक्ष म्हणाले, प्रार्थनेत योग्य तो बदल करता येईल.

मग जागेचा प्रश्न निघाला. आमच्या दफनभूमीत तसं सगळे सारखेच. पुढे फाटकाजवळ फरशीच्या कबरी आहेत, नोकरीवाल्या घराण्यांच्या. मागे नाल्याकडे पाड्यावरच्यांना पुरतात. तिथे लाकडी क्रूस असतात आणि दोन पावसाळ्यांत कुजून पडतात. तिसरी जागा चर्चच्या दाराशी, तिथं हे चर्च बांधणारे परदेशी पाद्री एकटेच आहेत. अध्यक्षांनी अंगठ्यासाठी ती जागा सुचवली, वर छोटा संगमरवरी दगड. मास्तरांनी विचारलं, दगडावर लिहायचं काय. जन्मतारीख फादरांचीच असणार. मग मृत्यूची तारीख वाचून लोक फादरांना हार घेऊन येतील. शिवाय फादर जेव्हा खरोखर जातील तेव्हा त्यांच्या धर्मगुरूंच्या संघाचे लोक त्यांना मुंबईला पुरणार. म्हणजे शेवटच्या दिवशी फादर उठणार मुंबईत आणि अंगठा उठणार इथे.

अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले, देवाला ते अंतर काहीच नाही.

"मग कल्याणच्या हॉस्पिटलात तरी काय वाईट होतं?" मास्तर म्हणाले.

कार्यवृत्तात अध्यक्षांनी लिहिलं, साधकबाधक चर्चा झाली.

शेवटी मुंबईच्या एका विद्वान फादरांना फोन लावला, स्पीकरवर. त्यांनी शांतपणे सांगितलं की शरीर देवानं दिलेलं आहे, म्हणून काढलेला भाग आदरानं मातीत ठेवावा, ही चांगली पद्धत आहे. मात्र अंगठ्यासाठी मिस्सा, मिरवणूक, दगड असलं काही नको. मग म्हणाले, "डोकं हाही शरीराचाच भाग आहे, त्याचाही मान ठेवत चला." अध्यक्षांनी आम्हाला सांगितलं, नेटवर्क नीट नव्हतं, शेवटचं वाक्य तुटलं.

खुद्द फादरांचं मत होतं, जास्वंदीखाली पुरून टाका. ही त्यांची नम्रता, असं म्हणून कमिटीनं ते बाजूला ठेवलं. अध्यक्षांनी सापगावच्या सुताराकडून सहा इंचांची सागवानी पेटी करून घेतली, आत जांभळी मखमल. सुतारानं विचारलं होतं, यात मूर्ती बसवायची की घड्याळ. अध्यक्ष म्हणाले, धार्मिक वस्तू आहे.

या सगळ्यात पाच-सहा दिवस गेले. मी रोज सकाळी पाय बांधायला जायचे, स्वयंपाकाची बाई रोज चहा आणून द्यायची, आणि तिच्या बोटांच्या प्रश्नाबद्दल आम्ही दोघीही बोलत नव्हतो. मला तिच्या हाताकडे बघवेना. इतकी वर्षं मी तिच्या हातचं खात होते, तेव्हा बघवत होतं. सातव्या दिवशी मी पट्टी सोडता सोडता फादरांना सगळं सांगितलं. वखार, ट्रे, खड्डा, रॉकेल, आणि मी तिला आठवत नाही म्हणाले तेही.

मला वाटलं, आता फादर क्षमेबद्दल काही सांगतील. त्यांनी विचारलं, "त्या खड्ड्यावर आता काय आहे?"

"पार्किंग," मी म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी कमिटीनं खड्डा बुजवून तिथे पेव्हर ब्लॉक बसवले होते, वर निळे पत्रे. सावलीची ती एकच जागा, त्यामुळे रविवारी तिथे अध्यक्षांची गाडी असते. फादर म्हणाले, मग तिथेच पुरायचा. तिची बोटं जिथं आहेत तिथं.

त्याच संध्याकाळी कमिटी फादरांच्या पलंगाभोवती जमली. अध्यक्षांनी अडचणी सांगितल्या. ते ब्लॉक एकमेकांत अडकलेले असतात, एक काढला की सगळे हलतात. आणि जिथं दवाखान्याचा कचरा जळायचा ती जागा पवित्र कशी म्हणायची. फादरांनी ऐकून घेतलं.

"अंगठा माझा आहे," ते म्हणाले, "म्हणून मला एक मत द्या. चाळीस वर्षं मी सांगतोय की देवापुढे प्रत्येक शरीराचं मोल सारखं. तुम्ही ते ऐकलं नाही, त्याचं मला काही वाटत नाही. मीसुद्धा ऐकलं नव्हतं. माझ्या घरात ती रोज भाकऱ्या थापते आणि मी तिला एकदाही विचारलं नाही की हाताला काय झालं."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मास्तर म्हणाले, ठराव लिहायचा का. कुणी हसलं नाही, त्यामुळे त्यांनी खरंच लिहिला.

एवढं सगळं ठरलं तेव्हा ती आत स्वयंपाकघरात होती. तिला विचारायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. मी शनिवारी जाऊन सांगितलं, उद्या असं असं आहे, आणि त्याबरोबर हेही सांगितलं की मला आठवत होतं, मी खोटं बोलले. तिनं तांदूळ निवडता निवडता ऐकलं. ती म्हणाली, मला वाटलंच व्हतं खड्ड्यातच टाकली आसतील, दुसरीकडं कुठं टाकणार. मग म्हणाली, "करा काय करायचं ते. पर खणल्यावर आधी मी बघंन."

रविवारी मिस्सा झाल्यावर पन्नास-साठ माणसं पार्किंगमध्ये उभी राहिली. अध्यक्षांची गाडी बाहेर उन्हात होती. पाड्यावरच्या दोघांनी पहारीनं चार ब्लॉक उचकटले. फादर प्लास्टिकच्या खुर्चीत, पाय दुसऱ्या खुर्चीवर. गुडघाभर खणल्यावर राखेच्या रंगाची माती लागली. त्यात काचेच्या फुटक्या कुप्या, एक गंजलेली सुई. दोघे थांबले. ती पुढे येऊन काठावर बसली आणि ओंजळीत माती घेऊन चाळायला लागली. मला वाटलं, ती हाडं शोधते आहे. मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, सुया आहेत, हात जपून, आणि जळून गेलंय गं सगळं, काही राहिलं नसणार.

"अंगठी व्हती," ती म्हणाली. "पितळेची. म्हशाच्या जत्रेतून आणलेली त्यानं. त्याच बोटात व्हती."

तिचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. मी ट्रे आठवला, कापूस आठवला, डॉक्टरांचे हात आठवले. अंगठी आठवेना. या वेळी खरोखरच आठवेना. मी विचारलं, तेव्हाच का नाही विचारलंस.

"तेव्हा तुमी घाईत व्हत्या," ती म्हणाली.

तिला हवी होती एक अंगठी. पुनरुत्थानाचा वाद आम्ही आमचा घालत बसलो होतो. एक मोठी चाळणी आणवून त्या दोघांनी आणखी वीतभर माती काढून चाळली. अध्यक्षही चाळायला बसले, स्वच्छ पँटवर, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. अंगठी मिळाली नाही. तिनं हात झटकले आणि म्हणाली, राहू द्या, फादरला ऊन लागतंय.

मग पेटी खाली ठेवली. फादरांनी प्रार्थना अगदी थोडक्यात केली. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये तिचं जे पूर्ण नाव आहे ते आधी घेतलं, मग स्वतःचं, आणि म्हणाले, देवा, या दोघांचं जे काही इथे आहे ते तुझ्या लक्षात असू दे. तिचं पूर्ण नाव आमच्यातल्या बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पाड्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, कारण त्या नावानं तिला कुणी हाक मारत नाही. ती लाजली, मागे जाऊन उभी राहिली. लोकांनी मूठ मूठ माती टाकली. ब्लॉक परत बसवले. त्यातला एक काही नीट बसला नाही, बोटभर वर राहिला.

त्या जागेभोवती साखळी लावावी असं मास्तरांनी सुचवलं होतं. ते पुढच्या बैठकीत घेऊ असं ठरलं. पुढच्या रविवारी अध्यक्षांची गाडी तिथंच उभी होती. ऊन फार होतं.

अंगठ्याची जखम भरायला जून उजाडला. त्या दिवसांत फादरांनी एक नवी तक्रार काढली. जो अंगठा नाही त्याला खाज सुटते. रात्रंदिवस. कल्याणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी नुसती झोप यायची. मी त्यांना सांगितलं, असं होतं, मेंदूला अजून वाटतं अंगठा आहे. चौतीस वर्षांत मी कितीतरी रुग्णांना हेच सांगितलंय आणि त्यातल्या एकाचीही खाज त्यानं थांबलेली नाही.

एका दुपारी ते ओसरीवर बसून रिकाम्या जागेवर पंचा फिरवत होते. ती पायरीवर माशांची खवलं काढत होती. थोडा वेळ तिनं बघितलं.

"तिथं खाजवून काय व्हनार," ती म्हणाली. "दुसऱ्या पायाचा अंगठा खाजवा. तोच, त्याच जागंला."

फादरांनी डावा पाय वर घेतला आणि अंगठा खाजवला. मग डोळे मिटून बराच वेळ खाजवत राहिले. त्यांचा चेहरा असा निवलेला मी मिस्सेतही पाहिला नव्हता.

"तुला अजून होतं?" त्यांनी विचारलं.

"पाऊस पडला का. वल्या गवताचा वास आला का लगेच." तिनं उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तीन बोटांनी चोळून दाखवली. "पहिल्या वरसाला लय आसतं. मग आपुन शिकतो."

फादर म्हणाले, "चाळीस वर्षं शरीरावर बोललो गो मी. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. येत्या रविवारी तू उभी राहून सांग सगळ्यांना."

ती म्हणाली, रविवारी पाड्यावर पेरणीची गडबड आसंल, बघू, आणि मासे धुवायला आत गेली.